डिस्क अर्धी रिकामी, तरीही ‘जागा नाही’

प्रश्न : आमच्या संस्थेचं संकेतस्थळ एका लिनक्स सर्व्हरवर आहे. सध्या कोणालाच लॉगिन करता येत नाही. लॉगमध्ये ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ एवढंच येतं. पण डीएफ (डिस्कची जागा दाखवणारी कमांड) चालवलं की २० जीबीपैकी ९ जीबीच भरलेले दिसतात. जुने बॅकअप काढले, सर्व्हर रीस्टार्ट केला, काही फरक नाही. डिस्क खराब झाली असेल का?

उत्तर : बॅकअपना आता हात लावू नका, ही पहिली विनंती. डिस्क बिघडली की बहुधा ‘इनपुट-आउटपुट एरर’ दिसते. तुमचा त्रास वेगळा वाटतो. डीएफ पुन्हा चालवा, या वेळी ‘-आय’ जोडून. वापराच्या रकान्यात १०० टक्के दिसले, तर तुमचे आयनोड संपलेत.

प्रत्येक फाइलमागे एक आयनोड लागतो. फाइलचा मालक, परवानग्या, तारखा आणि डेटा कुठे ठेवलाय हे त्यात असतं. ईएक्सटी४ मध्ये, म्हणजे लिनक्सवर फाइल मांडून ठेवण्याच्या नेहमीच्या पद्धतीत (फाइल सिस्टीम), आयनोड किती, हे फॉरमॅट करतानाच ठरतं. नेहमीच्या सेटिंगमध्ये दर १६ केबीमागे एक, म्हणजे २० जीबीत सुमारे १३ लाख. गोदाम मोकळं असूनही नोंदवहीची पानं संपावीत, तसं हे. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, मात्र जागा संपो की आयनोड, तोच २८ क्रमांकाचा एरर देतो, आणि माणसं मोठमोठ्या फाइल शोधत बसतात. मोठ्या फाइलचा इथे संबंधच नाही. सेशनची फाइल, म्हणजे संकेतस्थळाने प्रत्येक भेटीची ठेवलेली नोंद, शंभर-दोनशे बाइटची असली तरी ४ केबीचा ब्लॉक अडवते. अशा १३ लाख फाइल झाल्या तरी डिस्क फार तर ५ जीबी भरते. तुमच्या आकड्याशी हे जुळतं.

लॉगिनच अडलंय, म्हणून माझा पहिला संशय पीएचपीच्या (संकेतस्थळ चालवणाऱ्या भाषेच्या) सेशन फोल्डरवर. फोल्डरचा वापर मोजणाऱ्या डीयू कमांडला ‘--आयनोड्स’ हा पर्याय देऊन एकेक फोल्डर तपासा, गर्दी कुठे आहे ते लगेच कळेल. डेबियन आणि उबुंटूवर जुनी सेशन्स साफ करण्याचं काम क्रॉन किंवा टायमरकडे (ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणाऱ्या सोयींकडे) असतं. पण कोणी कोडमधूनच सेशनचा फोल्डर बदलला असेल, तर ती सफाई तिथवर पोचत नाही. मग संकेतस्थळावर येणारा प्रत्येक बॉट (आपोआप फिरणारा प्रोग्राम) एक नवी फाइल टाकून जातो.

त्या फोल्डरमध्ये ‘आरएम’ या फाइल पुसणाऱ्या कमांडला तारांकन (म्हणजे ‘सगळ्या फाइल’) देऊन पाहाल, तर ‘आर्ग्युमेंट लिस्ट टू लाँग’ म्हणून ते नकार देईल. फाइल शोधणारी फाइंड कमांड वापरा : एका दिवसापेक्षा जुन्या फाइल, आधी नुसती यादी, ती नीट डोळ्यांखालून घातल्यावरच ‘-डिलीट’. बराच वेळ लागेल, मध्येच थांबवू नका.

डीएफ ‘-आय’मध्ये भरपूर शिल्लक दिसली, तर मूळ एरर कोणत्या प्रोग्रामने दिला ते बघा. फाइलींवर नजर ठेवणारे प्रोग्राम आयनोटिफायची (फाइलमधले बदल कळवणाऱ्या कर्नलच्या सोयीची) मर्यादा संपली की हेच वाक्य छापतात. तिथे डिस्कचा काही दोष नसतो. डिलीट केलेली पण अजून उघडी असलेली फाइल हे कारण तुमच्याकडे नाही, तशी जागा रीस्टार्टनंतर सुटली असती.

चालू ईएक्सटी४ मध्ये नुसते आयनोड वाढवता येत नाहीत. पार्टिशन मोठं करावं लागतं किंवा नव्याने फॉरमॅट. एक्सएफएस ही दुसरी फाइल सिस्टीम आयनोड गरजेनुसार बनवते. पण तुमच्या बाबतीत तेवढं करायची गरज मला दिसत नाही. त्या फोल्डरसाठी रोजचा क्रॉन लावा आणि जागेच्या इशाऱ्यासोबत आयनोडचाही इशारा ८० टक्क्यांवर ठेवा.