मंडळी बांधतात की रचतात?

प्रश्न नवापूर तालुक्यातून आलाय. गावात प्रार्थनेसाठी नवी इमारत झाली, विटांच्या भिंती आणि वर पत्रा. आता दारावर पाटी लावायची आहे. तरुण म्हणतात, ‘चर्च’ लिहा, सगळ्यांना कळतं. वयस्कर म्हणतात, ‘मंडळी’ लिहा, शास्त्रात, म्हणजे मराठी बायबलात, तोच शब्द आहे. एकाला ‘मंडळी’ म्हटलं की नाटक कंपनीच आठवते. शेवटी एक उपप्रश्नही जोडलाय: ‘आम्ही मंडळी बांधली’ हे मराठीत चालतं का?

उपप्रश्न आधी घेतो, कारण गंमत तिथेच आहे. चालत नाही. चर्च बांधतात, शाळा बांधतात. मंडळी जमते, बसते, जेवते, पांगते. ‘शाळा’ या शब्दात इमारतही आहे आणि माणसंही, म्हणून शाळा गळतेही आणि सुटतेही. ‘चर्च’ मराठीत आलं ते शाळेसारखंच वागू लागलं. ‘मंडळी’ला मात्र आजवर कुणी भिंती घालू शकलेलं नाही. पावसाळ्यात चर्च गळतं. मंडळी गळू लागली तर त्याचा अर्थ वेगळा, आणि पत्रे बदलून ती गळती थांबत नाही.

मग मत्तयाच्या शुभवर्तमानात सोळाव्या अध्यायात येशू आपल्या शिष्याला, पेत्राला, काय म्हणतो? मराठी शास्त्रात शब्द आहेत, ‘ह्या खडकावर मी आपली मंडळी रचीन’. रचीन! ग्रीकमध्ये तिथे घर बांधण्याचंच क्रियापद आहे. मराठी अनुवादकानं सरळ ‘बांधीन’ लिहिलं असतं तरी चूक धरता आली नसती. पण त्याच्या कानाला ‘मंडळी बांधीन’ खटकलं असणार, असं मला वाटतं. मराठीत अभंग रचतात, कट रचतात, सरण रचतात, आणि आमच्याकडे ज्वारी काढली की कडब्याची गंजी रचतात. गंजीत ना चुना, ना सिमेंट. पेंढी पेंढीच्या भारानं राहते. मधली चार ओढून काढली की शेजारची कलते, हे लहानपणी गंजीवर चढून मार खाल्लेल्या कुणालाही माहीत आहे. पेत्राच्या पहिल्या पत्रात विश्वासणाऱ्यांना जिवंत धोंडे म्हटलंय, आणि तेही रचलेच जातात. तेव्हा उपप्रश्नाचं उत्तर: इमारत तुम्ही बांधली, मंडळी रचली जाते.

आता मूळ शब्द. ग्रीक शब्द आहे ‘एक्लेसिया’, म्हणजे हाक मारून बाहेर बोलावलेल्यांची सभा. हा धर्माचा शब्दच नव्हता. अथेन्समध्ये नागरिकांची सभा भरायची ती एक्लेसिया, काही ठरावांना सहा हजार माणसं हजर लागत. आपल्या मापानं दवंडी पिटून भरवलेली ग्रामसभा म्हणा. बायबलातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात एकोणिसाव्या अध्यायात इफिस शहरात दंगा होतो, जमाव दोन तास ओरडत राहतो आणि नगरलेखक शेवटी सभा मोडून लोकांना घरी पाठवतो. त्या गोंगाटी जमावालाही तिथे एक्लेसियाच म्हटलंय. म्हणजे पहिल्या ख्रिस्ती लोकांनी स्वतःसाठी देवळाचा शब्द घेतला नाही, चावडीचा घेतला.

इंग्रजी ‘चर्च’ मात्र दुसऱ्याच घरचं. ते ‘कुरियाकॉन’वरून आलंय, अर्थ ‘प्रभूचं’, प्रभूचं घर. त्यात घर पहिल्यापासूनच होतं. पोर्तुगीजांनी एक्लेसियाचं ‘इग्रेजा’ केलं, त्याची वसईत ‘इगर्जी’ झाली आणि सभेचा शब्द पुन्हा इमारतीला चिकटला. शब्दांना भिंतींची ओढच असावी. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी 1917 मध्ये साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ नावाचा ख्रिस्तभक्तांचा मेळा काढला तेव्हा त्यांनाही या रूढ शब्दांपलीकडचा, देशी चवीचा शब्द हवा असावा. दरबारही जागा आहेच म्हणा, पण भरतो तो माणसांनी.

‘मंडळी’ने नाटक कंपनी आठवते, हा आक्षेप मला मान्य आहे, आणि त्याचं वाईटही वाटत नाही. किर्लोस्कर नाटक मंडळी 1880 ची. भजनी मंडळीही आहेच. एका कामासाठी एकत्र आलेली, एका बिऱ्हाडात राहणारी, एका पंगतीला जेवणारी माणसं, हा अर्थ तिथूनच तर येतो. जुने लोक बायकोलाही ‘मंडळी’ म्हणत: ‘आमची मंडळी माहेरी गेलीय.’ इफिसकरांना लिहिलेल्या पत्रात मंडळीचं ख्रिस्ताशी नातं पत्नीचं सांगितलंय. अनुवादकानं ते धरून शब्द निवडला असेल असं अजिबात नाही, पण योगायोग झकास आहे. अहिराणीत ‘ळ’चा ‘य’ होतो, जळगावचं जयगाव, शाळेची शाया, म्हणून आमच्या आजीच्या तोंडी ‘मंडयी’ यायची. शहरातला पाहुणा भाजी मंडई समजून पिशवी शोधायचा.

पाटी रंगवताना मात्र जपा. मी मूळचा नंदुरबारचा. आमच्या ओळखीच्या एका मंडळीनं पाटी रंगवायला दिली तो पेंटर वर्षभर गणेश मंडळांच्या कमानी रंगवणारा. हात सवयीनं चालला आणि शेवटच्या अक्षराची वेलांटी राहिली: ‘ख्रिस्ती मंडळ’. दोन-तीन वर्षं तशीच लटकत होती. मग कुणीतरी विचारलं, मंडळ आहे तर अध्यक्ष कोण? त्यावरून जी भांडणं झाली ती वेलांटीच्या खर्चापेक्षा बरीच महाग पडली. मंडळाला अध्यक्ष, सचिव, खजिनदार, पावतीपुस्तक लागतं. मंडळीला काय लागतं ते बघायचं तर पहिल्या शतकातल्या घरांत शिरावं लागेल.

घरांत म्हणतो, कारण तेव्हा वेगळी इमारत नव्हती. प्रेषित पौल रोमच्या ख्रिस्ती लोकांना पत्र लिहितो तेव्हा प्रिस्किल्ला आणि अक्विला यांच्या घरी जमणाऱ्या मंडळीला सलाम सांगतो. हे जोडपं तंबू शिवणारं. कलस्सैकरांना लिहिलेल्या पत्रात नुंफाच्या घरची मंडळी आहे, फिलेमोनाला लिहिलेल्या पत्रात त्याच्या घरचीही आहे. पत्ता घराचा, नाव माणसांचं. सीरियात फरात नदीकाठी दूरा-युरोपोस इथे तिसऱ्या शतकातलं असं एक घर 1930 च्या दशकात उकरून निघालं. त्या लोकांनी दोन खोल्यांमधली भिंत पाडून मोठी खोली केली आणि एका खोलीत बाप्तिस्म्याचं कुंड बांधलं. बाहेरून घर ते घरच. मोठी सभागृहं आली ती 313 साली रोमन साम्राज्यात मोकळीक मिळाल्यावर, आणि त्यांचा नमुनाही रोमन लोकांच्या सरकारी कामकाजाच्या दालनाचा, ‘बॅसिलिका’चा. इमारत वाईट, असं म्हणायचं नाही मला. पाऊस नवापुरातही पडतो.

त्या घरांत काय चालायचं? प्रेषितांच्या कृत्यांत दुसऱ्या अध्यायात चार गोष्टी आहेत: शिक्षण, सहवास, भाकर मोडणं आणि प्रार्थना. ‘सहवास’ ज्या शब्दासाठी आलाय तो ग्रीक ‘कोइनोनिया’. मंडळ्यांच्या बोलण्यात त्याला ‘सहभागिता’ म्हणतात. आता सहभागिता म्हणजे उपासना संपल्यावर अंगणात चहा-बिस्किट, असा अर्थ झालाय. मूळ शब्दात भाग आहे, वाटा आहे. लूककृत शुभवर्तमानात याकोब आणि योहान हे शिमोनाचे, म्हणजे पेत्राचे, मासेमारीतले भागीदार होते, तिथे याच शब्दाचा भाऊ आलाय. म्हणजे नफा-नुकसान दोघांचं. आपल्याकडे बटाईनं शेत करणाऱ्याला पाऊस गेला तर काय होतं ते विचारा, त्याला कोइनोनिया व्याकरणाशिवाय कळेल.

आणि ‘भाकर मोडणं’. हा मला मराठी शास्त्रातला सर्वांत नेमका शब्द वाटतो. पाव तोडतात, केक कापतात, भाकरी मात्र मोडतात. आमच्या कळण्याच्या भाकरीचा पापुद्रा मोडताना आवाज येतो, शेजारच्याला कळतं. वरण-बट्टीच्या पंगतीतही बट्टी हातानंच मोडायची. ‘मोडणे’ला मराठीत वाईट वास आहे, लग्न मोडतं, हाड मोडतं. पण शंभराची नोटही मोडतात, आणि हातात येते ती मोड. अख्खी नोट चार जणांत वाटता येत नाही, म्हणून मोडायची. भाकर मोडण्यातलं मोडणं हे असं, वाटण्यासाठीचं.

करिंथ या ग्रीक शहरातल्या मंडळीत नेमकं हेच बिघडलं. पौल त्यांना खडसावतो: तुम्ही जमता, पण जो तो आपलंच जेवण आधी उरकतो, एक भुकेला राहतो आणि एकाला चढलेली असते. ज्यांना दिवस मोकळा होता ते लवकर आले असतील आणि मजूर, गुलाम काम आटपून उशिरा, असं अभ्यासक मानतात. पौलाचा उपाय मोठ्या धर्मतत्त्वाचा नाही: जेवायला जमाल तेव्हा एकमेकांची वाट पाहा. खानदेशातल्या कुठल्याही पंगतीत हे न सांगता पाळतात. शेवटच्या पानावर वांग्याची भाजी पडेपर्यंत कुणी घास उचलत नाही, उचललाच तर शेजारची म्हातारी बघते.

वाढण्यावरून पहिलं भांडण तर त्याच्याही आधी, यरुशलेमेत झालं. रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांना डावललं जातं अशी कुरकुर झाली, आणि त्यासाठी सात जण निवडले. मराठी शास्त्रात तिथे चक्क ‘पंगतीची सेवा’ आहे. या सेवेचा ग्रीक शब्द ‘दियाकोनिया’, त्यातूनच पुढे ‘डीकन’ आला, म्हणजे मुळात वाढपी. किंख्रियाच्या मंडळीतली फिबी हिला पौलानं हाच शब्द लावलाय. मराठीत त्याचा ‘सेवक’ झाला. आज ‘देवाचे सेवक येत आहेत’ असा फलक लागतो, त्यावर सेवकाचा फोटो हातभर, येशूचं नाव बोटभर. वाढपी बादली घेऊन उभा आणि हार त्याच्याच गळ्यात, असं चित्र डोळ्यांपुढे आणून बघा. शब्दाचा अर्थ उलटा झाला की भाषेच्या माणसाला पोटात दुखतं, बाकी काही नाही.

फिरत्या उपदेशकांचं तेव्हाच्या मंडळ्यांनी काय केलं, तेही मजेशीर आहे. ‘बारा प्रेषितांची शिकवण’ नावाचं फार जुनं लिखाण आहे, दिदाखे म्हणतात त्याला. त्याची ग्रीक प्रत 1873 मध्ये कॉन्स्टँटिनोपलमध्ये सापडली. त्यात नियम आहे: बाहेरून प्रेषित आला तर त्याला प्रभूसारखं घरात घ्या. तो एक दिवस राहील, गरज पडली तर दोन. तीन दिवस राहिला तर तो खोटा संदेष्टा. निघताना त्यानं पुढच्या मुक्कामापुरती भाकर घ्यावी, पैसे मागितले तर खोटा. आपली म्हण काय आहे? एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई. फरक एवढाच, की आपल्याकडे नुसती अक्कल जाते.

आता तुमच्या गावासाठी थोडं. दुसऱ्या शतकाच्या मध्यावर, साधारण 155 च्या सुमारास, जस्टिन नावाच्या माणसानं रोमच्या बादशहासाठी लिहून ठेवलंय की रविवारी हे लोक जमतात, वाचतात, प्रार्थना करतात, भाकर आणि द्राक्षारस वाटतात, आणि जे आले नाहीत त्यांचा वाटा डीकन त्यांच्या घरी पोचवतात. गोळा झालेले पैसे अनाथ, विधवा, आजारी, कैदी आणि परगावचे यांच्यासाठी. ‘न आलेले’ लोकही मंडळीत मोजले जात होते, हे मला फार आवडतं. दिवाळी झाली की नंदुरबार जिल्ह्यातली किती घरं कुलूप लावून गुजरातेत ऊसतोडीला जातात, हे तुम्हाला मी सांगायला नको. मग नवीन इमारतीत रविवारी म्हातारे, लहान मुलं आणि रिकाम्या सतरंज्या. चर्च तिथेच आहे. मंडळी बारडोलीकडच्या पडावावर, उसाच्या पाचटाच्या झोपडीत. त्यांचा वाटा तिथे पोचवायला कोण जातं, याची चौकशी शब्दचर्चेत बसत नाही, पण ‘मंडळी’ शब्द लिहायचा म्हटलं की ती आपोआप येते.

तेव्हा पाटी. एकच शब्द निवडायची गरज नाही. वर मोठ्या अक्षरांत ‘प्रार्थनाघर’ लिहा. इमारतीला तो शोभतो आणि तरुणांनाही कळतो. ‘चर्च’ लिहिलंत तरी व्याकरणाची काही तक्रार नाही. खाली लहान अक्षरांत, पौलाच्या धर्तीवर, गावाचं नाव घालून: ‘येथे अमुक गावची ख्रिस्ती मंडळी जमते’. ‘जमते’ एकवचनी स्त्रीलिंगी, ‘जमतात’ नको. पेंटरला अक्षरं कागदावर लिहून द्या, ‘ळी’ला दुसरी वेलांटी, आणि रंग ओला असतानाच एकदा वाचून घ्या.