‘मंगळावर जीवाणू शोधायचेत’ म्हणणारी लेक

प्रश्न : माझी मुलगी बारावी सायन्सला आहे. बायोलॉजी ग्रुप, गणित अकरावीलाच सोडलं. आम्ही मेहकरकडचे. शेती आणि छोटं कृषी केंद्र आहे. दहावीत शाळेच्या सहलीला ती लोणारला जाऊन आली, तेव्हापासून एकच धोशा लावलाय : मायक्रोबायोलॉजी शिकायची आणि दुसऱ्या ग्रहावर जीव आहेत का ते शोधायचं. ‘नीट’ देईन म्हणते, पण मनापासून नाही. घरचे म्हणतात, हे खूळ आहे. याला खरंच करिअर म्हणतात का? आणि नासात आपलं कोण आहे?
– एक पालक, जि. बुलढाणा

उत्तर : नमस्कार. नासात ओळखीचं कोणी लागत नाही. तिथल्या कायम नोकऱ्या बहुतेक अमेरिकी नागरिकांसाठीच असतात. बाहेरच्यांना दार उघडतं ते पीएचडीनंतर, पोस्टडॉक म्हणजे ठरावीक मुदतीचे संशोधक म्हणून. म्हणजे तो प्रश्न अजून दहा वर्षांनी पडायचा आहे. आज तो बाजूला ठेवू.

खुळाबद्दल मात्र बोलायला हवं. १९६६ साली अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या गरम झऱ्यातून थॉमस ब्रॉक आणि हडसन फ्रीझ यांनी एक जीवाणू मिळवला. फ्रीझ तेव्हा पदवीचा विद्यार्थी होता. ७० अंश सेल्सिअसच्या पाण्यात सुखाने वाढणाऱ्या या जीवाणूचं नाव त्यांनी थर्मस अ‍ॅक्वाटिकस ठेवलं. त्याच्या अंगातलं एक एन्झाइम नव्वद-पंचाण्णव अंशांनाही बिघडत नाही, म्हणून पुढे पीसीआर, म्हणजे नमुना पुन्हा पुन्हा तापवून डीएनएच्या प्रती वाढवणारी तपासणी, सुटसुटीत झाली. कोविडमध्ये नाकात काडी घालून आपण जी आरटीपीसीआर करून घेतली, तिची मुळं अशी झऱ्याकाठच्या शेवाळ्यात जातात. झऱ्यावर वाकलेल्या त्या दोघांना कोणी वेडं म्हटलं असतं, तर मला नवल वाटलं नसतं.

आता तुमच्या शेजारचं लोणार. बेसॉल्टमध्ये, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या दगडात, उल्कापाताने झालेलं, जवळजवळ पावणेदोन किलोमीटर रुंदीचं हे विवर. मंगळाचा पृष्ठभागही बराचसा बेसॉल्टचा, त्यामुळे मंगळाचे अभ्यासक इथे येतात. पाण्याचा पीएच दहाच्या आसपास, म्हणजे साबणाच्या पाण्यासारखं अल्कधर्मी, वर खारट. जून २०२० मध्ये ते पाणी गुलाबी झालं, ते तुम्ही पाहिलंच असेल. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले. पाणी आटून खारेपणा वाढला आणि मीठ आवडणारे आर्किया नावाचे सूक्ष्मजीव फोफावले. रंग त्यांचा होता. नमुना स्थिर ठेवल्यावर ते तळाशी बसले आणि वरचं पाणी नितळ झालं. तुमच्या मुलीला सहलीत जे खुणावलं, ते हेच आहे : जिथे काही जगू नये असं आपल्याला वाटतं, तिथेही कोणीतरी मजेत नांदतं. बर्फाखाली समुद्र असलेल्या युरोपा या गुरूच्या उपग्रहाकडे यान पाठवायचं धाडस माणूस करतो, त्यामागे हाच अनुभव आहे. युरोपा क्लिपर ऑक्टोबर २०२४ मध्ये निघालं. ते २०३० मध्ये गुरूपाशी पोचेल, तेव्हा तुमची लेक एम.एस्सी.च्या सुमारास असेल.

पण या क्षेत्राचा खरा स्वभाव तिला आत्ताच कळू द्या. इथे ‘सापडलं!’ म्हणण्यापेक्षा ‘हे आपल्याच पृथ्वीवरचं, नमुन्यात मिसळलेलं तर नाही ना?’ असं विचारण्यात आयुष्य जातं. २००५ साली इस्रोने हैदराबादहून एक बलून सोडला आणि ४१ किलोमीटर उंचीपर्यंतच्या हवेचे नमुने आणले. त्या प्रयोगात जयंत नारळीकर अग्रभागी होते. हैदराबादच्या सीसीएमबी आणि पुण्याच्या एनसीसीएस या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थांनी तपासणी केली आणि जीवाणूंच्या तीन नव्या जाती मिळाल्या. एकीला आर्यभट्टाचं नाव दिलं, एकीला इस्रोचं आणि एकीला नारळीकरांचे गुरू फ्रेड हॉयल यांचं. तरी ते अवकाशातून आले असं सिद्ध झालं, असा दावा इस्रोने केला नाही. आर्यभट्टाच्या नावाचा जीवाणू तर पुढे मातीतही सापडला. अशा वेळी हिरमुसणारा माणूस इथे टिकत नाही.

आता वाट. ‘अ‍ॅस्ट्रोबायोलॉजिस्ट पाहिजे’ (म्हणजे पृथ्वीबाहेरच्या जीवांचा शोध घेणारे) अशी जाहिरात तुम्हाला दिसणार नाही, आणि त्या नावाचे महागडे ऑनलाइन सर्टिफिकेट कोर्स मी कोणालाच सुचवत नाही. आधी चांगली मायक्रोबायोलॉजिस्ट हो, असं तिला सांगा. पुणे, छत्रपती संभाजीनगर, नागपूर, अमरावती, कुठेही प्रॅक्टिकल नीट होणारं कॉलेज बघून बी.एस्सी., मग एम.एस्सी., मग सीएसआयआर-नेट ही राष्ट्रीय परीक्षा. तिच्यातून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली की महिना ३७,००० रुपये आणि पीएचडी. म्हणजे तिथून पुढे शिकण्याचा भार घरावर पडत नाही. एम.एस्सी.साठी आयआयटी जॅम आणि गॅट-बी या परीक्षाही आहेत. आयसर (विज्ञान शिक्षण आणि संशोधनाच्या केंद्र सरकारी संस्था) हवं असेल तर बारावीनंतरच्या त्यांच्या प्रवेशासाठी गणित सोडलेल्यांनाही परीक्षेला बसता येतं, पण पेपरात गणिताचे प्रश्न बाकी विषयांइतकेच असतात. त्यामुळे मी तिला आत्तापासून गणिताचं पुस्तक हातात घ्यायला लावेन. ‘नीट’ मात्र अर्ध्या मनाने देऊ नये. एक वर्ष जातं आणि वर अपयशाचा शिक्का बसतो.

काम कुठे मिळेल? आघारकर आणि एनसीसीएस पुण्यात, ध्रुवीय संशोधनाची एनसीपीओआर वास्कोला, समुद्रविज्ञानाची एनआयओ दोना पावलाला. अंटार्क्टिकावरचं मैत्री केंद्र एनसीपीओआरच चालवते. पण संशोधनाच्या जागा थोड्या आणि वाट लांब, तिशी उजाडेपर्यंत स्थिर नोकरी नसेल. लग्नाची घाई करणाऱ्या नातेवाइकांची तयारी तुम्हाला करावी लागेल, तिला नाही. वाट अर्ध्यावर सोडली तरी हात रिकामे राहत नाहीत. कपडे धुण्याच्या पावडरीतली डाग काढणारी बरीच एन्झाइम्स लोणारसारख्या अल्कधर्मी जागा आवडणाऱ्या जीवाणूंकडून येतात. औषध कंपन्यांच्या निर्जंतुक खोल्यांत जीवाणू मोजणारी माणसं रोज लागतात. यान धाडण्यापूर्वी ते जिथे जोडतात ती निर्मळ खोली, म्हणजे क्लीनरूम, जीवाणूंसाठी तपासतात, ते कामही याच जातीचं.

एक करून बघा. लोणार अभयारण्य आहे, तिथून परवानगीशिवाय काही उचलू नका. तुमच्याच शेततळ्याचा चिखल घ्या. त्यात वर्तमानपत्राचे कपटे आणि उकडलेल्या अंड्याचा बलक मिसळा, पारदर्शक बाटलीत भरा, वर तळ्याचंच थोडं पाणी घाला आणि बाटली उजेडाच्या खिडकीत ठेवा. एकोणिसाव्या शतकात विनोग्राडस्की यांनी दाखवलेला हा प्रयोग आहे. सहा-आठ आठवड्यांत खाली काळा, मध्ये जांभळट, वर हिरवा असे थर दिसू लागतात. प्राणवायूशिवाय जगणारे खाली, तो लागणारे वर. तिने रोजची नोंद वहीत न चुकता ठेवली, तर ती वही घेऊन मला पुन्हा लिहा. झाकण घट्ट लावू नका. वास येईल, घरचे बोलतील.