सरदार, उमराव की खानदानी?

प्रश्न असा: काही मित्र मिळून ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ (प्रत्येकानं एक पात्र घेऊन, फासे टाकत गोष्ट रचायचा खेळ) मराठीतून खेळतात. एखाद्या पात्राची पार्श्वभूमी ‘नोबल’ असेल तर त्याला सरदार म्हणावं की उमराव? आणि ड्यूक, बॅरन वगैरेंचं काय करावं?

‘सरदार’ आधी बाजूला ठेवू. हा फारसी शब्द हुद्दा सांगतो, जन्म नाही. मल्हारराव होळकर धनगराच्या घरातले; सरदारकी त्यांनी तलवारीवर मिळवली. तुमच्या खेळातला भुरटा चोरही उद्या एखादा किल्ला मारून सरदार होईल. नोबल मात्र पहिला फासा पडायच्या आधीपासूनच नोबल असतो. खेळाच्या 2014 सालच्या पाचव्या आवृत्तीत त्याला सुरुवातीलाच उंची पोशाख, शिक्क्याची अंगठी, 25 मोहरांची थैली आणि घराण्याची वंशावळ लिहिलेली गुंडाळी मिळते. (तिला ‘सनद’ म्हणू नका. सनद राजा देतो, वंशावळ बापजाद्यांकडून येते.) तेव्हा पार्श्वभूमीसाठी माझं मत ‘खानदानी’ला. ‘घरंदाज’ही चालेल. ‘कुलीन’ अर्थानं बरोबर आहे, पण वधू-वर सूचक मंडळाच्या फॉर्मवरून उचलल्यासारखा वाटतो.

‘उमराव’ मजेदार आहे. अरबीत ‘उमरा’ हे ‘अमीर’चं अनेकवचन, मराठीत मात्र ‘एक उमराव आला’ असं आपण बिनदिक्कत म्हणतो. त्याला दरबाराचा वास आहे. झुंबराखाली घोळका करून कुजबुजणारी मंडळी दाखवायची असतील तर हाच शब्द घ्या.

खरी अडचण ड्यूक-बॅरनची. तिकडे पदव्यांची शिडी आहे. आपल्याकडचे शब्द अशा शिडीत बसत नाहीत, कारण ते मुळात सांगतात की जमीन कुठल्या अटीवर मिळाली. सरंजामदाराला फौज बाळगण्यासाठी मुलखाचा महसूल तोडून दिलेला असे आणि तत्त्वतः तो धन्याच्या मर्जीवर असे. इनामदाराला जमीन बक्षीस. वतनदाराचा हक्क पिढीजात. राज्यं बदलली तरी देशमुख आपल्या वाड्यात कायम. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात या वतनदारांना छोटे पण स्वतंत्र देशनायक आणि राज्याचे दायाद म्हटलं आहे. दायाद म्हणजे वाटा मागणारा भाऊबंद! राजाशी कुरबुर करणाऱ्या बॅरनचं याहून नेमकं वर्णन मला तरी सापडलेलं नाही. म्हणून बॅरनला ‘वतनदार’ करा. राजानं नुकताच मुलूख तोडून दिलेला लढवय्या असेल तर ‘सरंजामदार’. ड्यूकला ड्यूकच राहू द्या, ओढून-ताणून ‘महासरदार’ नको.

आणि दर्जा नेहमी पदवीतूनच दाखवायला हवा असंही नाही. 1666 साली आग्र्याच्या दरबारात शिवाजीराजे संतापले ते उभं राहायला दिलेल्या जागेवरून: पंचहजारी मनसबदारांच्या रांगेत. पत्राच्या मायन्यातूनही तेच साधतं. मोठ्या सरदाराला ‘अखंडितलक्ष्मीअलंकृत राजमान्य राजश्री’ असं लिहीत. त्यातलं ‘राजमान्य राजश्री’ पुढे इतकं स्वस्त झालं की ‘रा. रा.’ होऊन कुणाच्याही पाकिटावर जाऊन बसलं. तुमच्या ड्यूकनं त्या भुरट्या चोराला पूर्ण मायन्याचं पत्र धाडलं, तर चोरानं ते उघडण्याआधी पळायची वाट बघून ठेवावी.