सॉल्व्हर सगळे कंटेनर एकाच आठवड्यात टाकतो, काय करू?

भाऊ, तुमच्या सॉल्व्हरने (एक्सेलमधलं सर्वात फायद्याचं नियोजन शोधणारं साधन) निफाडच्या द्राक्षांचा सगळा माल फेब्रुवारीच्या एकाच आठवड्यात रॉटरडॅमला लावला आणि त्यातला निम्मा प्रत्यक्षात पुढच्या जहाजावर गेला, हे वाचून आमचाच एक हंगाम आठवला. व्हेरिएबल (ठरवायचे आकडे), कन्स्ट्रेंट (अटी) तुम्हाला येतातच, ते सोडतो.

एकाच आठवड्यात कोंबतो कारण कितीही माल गेला तरी तुम्ही दर कायम धरलाय. पहिल्या काही कंटेनरला एक दर, पुढच्यांना कमी, असे टप्पे करा. सुटेल.

खरी नड कागदांची. आमची ब्रिक्स (द्राक्षाची गोडी) भरलेली, रेसिड्यू रिपोर्ट (औषधांच्या अंशाचा) क्लिअर, गाडी उभी. अडलं एका कार्यालयात, नाव घेत नाही. "साहेब दौऱ्यावर आहेत, उद्या या." उद्या गेलो तर प्लॉट नंबरात एक अक्षर वेगळं, फाईल परत तळाला. अक्षर त्यांच्याच टायपिस्टचं! तोवर न्हावाशेवा बंदराचा कट-ऑफ (कंटेनर आत द्यायची शेवटची वेळ) गेला. रीफर (थंड कंटेनर) विजेच्या प्लगवर उभा, भाडं आमच्या माथी, आणि पुढचं जहाज पोचेपर्यंत दर उतरलेला. २०२३ च्या अखेरीपासून लाल समुद्र टाळून जहाजं आफ्रिकेला वळसा घालायला लागली, तेव्हा माल तसाही दहा-पंधरा दिवस जास्त पेटीत. वर हे चार दिवस. देठ सुकणार नाही तर काय?

म्हणून कागदाचा वेळ एकच आकडा म्हणून लिहू नका. तीन परिस्थिती करा: वेळेत, उशिरा, जहाज चुकलं. बुकिंग तिन्हींत एकच, कारण ते आधी करावं लागतं. माल पुढच्या जहाजावर, दुबईला, लोकलला की बेदाण्याला, हे प्रत्येकीत वेगळं. शक्यता स्वतःच्या जुन्या फाईलींच्या तारखांवरून काढा, एजंटच्या तोंडून नको.

जाता जाता: कंटेनर पूर्णांक धरले की एक्सेल सेन्सिटिव्हिटी रिपोर्ट (कुठली अट किती आवळते ते सांगणारा) देत नाही. आधी ती अट काढून चालवा आणि शॅडो प्राईस बघा, म्हणजे एखादी मर्यादा एकने वाढवली तर नफा किती वाढेल ते. आमच्यात सगळे प्रीकूलिंगच्या (माल भरण्याआधी थंड करण्याच्या) नावाने बोटं मोडत होते. तिथे शून्य निघालं, मोल सगळं जहाजातल्या जागेला. व्हेरिएबल दोनशेच्या वर गेले तर एक्सेलचा सॉल्व्हर घेत नाही, तेव्हा ओपनसॉल्व्हर हे जोड-सॉफ्टवेअर घ्या, फुकट आहे.

हे द्राक्षापुरतं, तेही आमच्या अनुभवापुरतं. कांद्याला लावायचं असेल तर मला विचारू नका. ८ डिसेंबर २०२३ ला निर्यात एका रात्रीत बंद केली, त्याला कुठल्या फाईलीवरून शक्यता काढणार?