मालक म्हणतो केस करू नको, मग भरपाई मागायची कुणाकडे?

प्रश्न : नमस्कार वकीलसाहेब. माझे मिस्टर दुसऱ्याच्या ट्रकवर ड्रायव्हर आहेत, वय ३४. चार महिन्यांपूर्वी माल घेऊन पुण्याला जाताना शिक्रापूरच्या ट्रॅफिकमध्ये गाडी उभी होती आणि मागून कंटेनरने जोरात ठोकलं, गाडी पुढच्या गाडीवर आपटून केबिन दबलं. डाव्या गुडघ्यात प्लेट टाकलीय, पाय अजून पूर्ण वाकत नाही. मालकाने दवाखान्याचे थोडे पैसे दिले पण आता म्हणतो केस केली तर माझी गाडी अडकेल, पाचशेच्या स्टॅम्पवर लिहून द्या की काही मागणं नाही. पगार १८ हजार, रोख. कंटेनरच्या इन्शुरन्सकडून आलोय म्हणणारा एक माणूस दीड लाखात मिटवा म्हणतोय. आम्ही केज तालुक्यात राहतो, पुण्याला खेटे घालणं जमणार नाही. दोघांकडून भरपाई मागता येते का?
– एक भगिनी, बीड जिल्हा

उत्तर : ताई, आधी एकच सांगतो, त्या स्टॅम्पवर सही करू नका आणि दीड लाखवाल्याच्या कागदावर तर अजिबात नको. बाकीचं सावकाश वाचा.

तुमच्यासमोर दोन रस्ते आहेत. एक मालकाकडून, म्हणजे १९२३ च्या कायद्यापासून चालत आलेली कामगार भरपाई, ज्यात चूक कुणाची हे बघत नाहीत, कामावर असताना लागलं एवढं पुरतं. दुसरा मोटार अपघात दावा न्यायाधिकरण, म्हणजे अपघाताच्या भरपाईचं कोर्ट, जिथे कंटेनरचा ड्रायव्हर, मालक आणि त्यांची विमा कंपनी या तिघांवर दावा लावायचा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६७ नुसार एकाच दुखापतीसाठी या दोन्हीपैकी एकच निवडता येतो, दोन्हीकडून नाही. तुमच्या केसमध्ये मी डोळे झाकून दुसरा रस्ता सांगेन, कारण उभ्या गाडीला मागून ठोकलंय, चूक स्पष्ट आहे, आणि कामगार भरपाईच्या हिशोबात पगार कितीही असला तरी १५ हजारांच्या वर धरत नाहीत.

आता दीड लाख कमी का ते बघा. न्यायाधिकरण साधारण असं मोजतं : पगार १८ हजार, वय चाळिशीच्या आत असल्याने पुढच्या वाढीचे ४० टक्के धरून २५,२०० झाले, वर्षाचे ३,०२,४००, आणि ३४ व्या वर्षाला गुणक (वर्षाच्या कमाईला गुणायचा, वयावरून ठरलेला आकडा) १६, म्हणजे ४८,३८,४००. याच्यावर कमाईची क्षमता किती टक्के गेली ते लावतात. ३० टक्के धरली तरी साडेचौदा लाखाच्या आसपास जातं, दवाखान्याचा खर्च, बुडालेला पगार, त्रास आणि दावा दाखल केल्यापासूनचं व्याज वेगळंच.

सगळा खेळ त्या टक्क्यावर आहे आणि इथेच बरीच माणसं नुकसान करून घेतात. सिव्हिल हॉस्पिटलच्या दाखल्यावर समजा पायाचं २५ टक्के अपंगत्व आलं, तर विमा कंपनी तेवढंच धरा म्हणणार, पण सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात सांगितलंय की शरीराचा टक्का आणि कमाईचा टक्का एक नसतो, हात गेला तर क्लार्कची नोकरी टिकू शकते पण ड्रायव्हरची जवळजवळ सगळी कमाई जाते. डाव्या पायाने क्लच दाबायचा असतो, घाटात तर मिनिटामिनिटाला, तो गुडघा वाकत नसेल तर लोड गाडी चालवणार कशी? हे ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांनी कोर्टात येऊन सांगायला हवं, नुसता दाखला जोडून भागत नाही.

पगार रोख असला तरी घाबरू नका. मालकाचं पत्र मिळालं तर उत्तम, त्यांना शांतपणे सांगा की हे पैसे कंटेनरच्या विम्यातून यायचे आहेत, त्यांच्या खिशातून नाही. नाहीच दिलं तर बिल्ट्या (मालाच्या वाहतुकीच्या पावत्या), फोनवर आलेला भत्ता, बँकेतला भरणा, मिस्टरांचं हेवी लायसन्स, बरोबरच्या ड्रायव्हरची साक्ष, हे सगळं चालतं. एफआयआर, पंचनामा, डिस्चार्ज कार्ड, मेडिकलची एकूणएक बिलं फाईलला लावा. एफआयआर झालेलीच नसेल तर आजच पोलीस स्टेशनला जा. कंटेनरचा नंबर एमपरिवहन अ‍ॅपवर टाकला की विमा चालू होता का तेही कळतं.

मुदतीचं मात्र नीट लक्षात ठेवा. १ एप्रिल २०२२ पासून अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांत दावा दाखल करावा लागतो. या मुदतीला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलेलं आहे पण तुम्ही त्याच्या भरवशावर थांबू नका, चार महिने गेलेत.

पुण्याला जायची गरज नाही. जिथे राहता तिथल्या भागातल्या न्यायाधिकरणात दावा लावता येतो, तुमच्यासाठी अंबाजोगाई किंवा बीड, कुठे ते वकील सांगतील. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर कोर्टातच विधी सेवा समितीचं ऑफिस असतं, तिथे मिस्टरांच्या नावाने अर्ज करून मोफत वकील मागा. कुणी रकमेच्या टक्केवारीवर केस घेतो म्हणालं तर नको म्हणा, तशी फी ठरवणं वकिलांना नियमानेच बंद आहे. आणि तो दीड लाखवाला परत आला तर म्हणा, जे काय द्यायचंय ते विमा कंपनीच्या लेटरहेडवर लिहून आमच्या वकिलांकडे पाठवा.