फाटलेलं पोस्टर

"माझा सोळा वर्षांचा मुलगा फास्ट बोलिंग करतो. खोलीत दक्षिण आफ्रिकेचा फास्ट बोलर कगिसो रबाडा याचं पोस्टर होतं. रबाडानं मौजेसाठी अमली पदार्थ घेतल्याचं गेल्या वर्षी, २०२५ मध्ये, बातम्यांत आलं, तेव्हा ह्यांनी 'गर्दुल्ला' म्हणत ते टराटरा फाडलं. पोरानं तुकडे सेलोटेपनं जोडून पुन्हा लावलं. म्हणतो, 'त्याचं खासगी आयुष्य आहे. महिन्यात परत आला, लॉर्ड्सवर कसोटी अजिंक्यपदाच्या फायनलमध्ये नऊ विकेट काढल्या.' बापलेक अजून धड बोलत नाहीत. मी कुणाची बाजू घेऊ?"
– एक आई, सातारा

प्रिय ताई,

नऊ विकेट खऱ्या आहेत. पण तो महिना कुठून आला, हे लेकाला नीट सांगा. २०२१पासून जागतिक उत्तेजकविरोधी नियमांत कोकेन, हेरॉइन, गांजा यांचा वेगळा गट आहे. सामन्याबाहेर घेतलं आणि खेळाशी संबंध नव्हता, हे खेळाडूनं सिद्ध केलं तर बंदी तीन महिन्यांची. उपचार पूर्ण केले तर एका महिन्याची. रबाडानं उपचार घेतले, लोकांची माफी मागितली आणि मग तो मैदानात उतरला. शिवाय आपल्याकडच्या १९८५च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्यापुढे 'माझं खासगी आयुष्य' म्हणून कुणी सुटत नाही, हेही त्याच्या कानावर घाला.

यजमानांच्या रागामागची भीती मला कळते. पण त्यांचा शब्द मला बोचला. फुटबॉलपटू मॅराडोनाचंच बघा. १९९१मध्ये इटलीच्या नापोली क्लबकडून खेळताना कोकेनसाठी त्याच्यावर पंधरा महिन्यांची बंदी आली. कुणी शिव्या घातल्या, तर कुणी त्याला देव केलं. अर्जेंटिनात त्याच्या नावानं चर्चसुद्धा निघालं. व्यसन मात्र पुढे कितीतरी वर्षं तसंच राहिलं. आपण लोक खेळाडूला एक तर डोक्यावर घेतो, नाहीतर पायदळी तुडवतो. आजारी माणसाला या दोन्हींचा काय उपयोग?

घरातलंच एक सांगते. शेजारचा मुलगा पितो हे कळल्यावर आमचे अण्णा जेवताना म्हणाले होते, "असली कार्टी जन्मालाच येऊ नयेत." माझा धाकटा भाऊ समोर बसून आमटी-भात कालवत होता. तेव्हा तो स्वतः सहा महिने पीत होता. सांगायचं त्याच्या ओठांवर आलं होतं, ते त्यानं त्या घासाबरोबर गिळलं. आम्हाला कळायला पुढे चार वर्षं गेली.

म्हणून ताई, बाजू कुणाचीच घेऊ नका. यजमानांना म्हणावं, एक दिवस नेटला सोडायला तुम्ही जा आणि परतताना रबाडाचा विषय न काढता विचारा, "तुला कधी कुणी काही देऊ केलंय का रे?" उत्तर 'हो' आलं तरी आवाज चढवायचा नाही, गाडी थांबवून ऐकून घ्यायचं. पुढे मदत लागलीच तर व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन आहे, १४४४६.

पोस्टर राहू द्या भिंतीवर.

तुमची,
मावशी