दुर्बिणीचं ऑपरेशन बिघडलं, दवाखाना फाईल देत नाही: दाद कुठे मागायची?

प्रश्न: वकीलसाहेब, आम्ही पन्हाळा तालुक्यातले. माझ्या मालकांच्या पित्ताशयात खडे होते म्हणून कोल्हापुरातल्या एका खासगी दवाखान्यात दुर्बिणीतून ऑपरेशन केलं. दुसऱ्या दिवसापासून पोट फुगलं, ताप आला, पुढे डोळे पिवळे झाले. नर्स गॅसचं आणि दुखण्याचं औषध देत राहिल्या. ऑपरेशन करणारे डॉक्टर बाहेरून येणारे, ते एकदाच येऊन गेले. सहाव्या दिवशी सोनोग्राफी केली आणि ‘पुण्याला न्या’ म्हणाले. पुण्यात कळलं की पित्ताची नळी दुखावली आहे. तिथं पोट उघडून पुन्हा ऑपरेशन झालं. याला सोळा महिने झाले, मालकांना अजून जड काम होत नाही. इथला दवाखाना फाईल देत नाही. ‘तुम्ही सही केलीय, असं होऊ शकतं’ म्हणतात. पंचाण्णव हजार भरले, पावती चाळीस हजारांचीच दिली. आता ‘पन्नास हजार देतो, स्टॅम्पवर लिहून द्या’ असा निरोप आलाय. भाऊकीतली पोरं पोलिसात चला म्हणतात. काय करावं?

उत्तर: ताई, आधी एक काम करा. त्या स्टॅम्पवर सही करू नका. ‘आमची कोणतीही तक्रार राहिली नाही’ असं एक वाक्य त्यात असणारच, आणि तेच उद्या तुमच्या विरोधात वाचून दाखवलं जाईल. तडजोड वाईट नसते, पण ती कागदपत्रं हाती आल्यावर आणि नुकसान मोजून झाल्यावर करायची.

आता तुमच्या प्रकरणातली खरी गोष्ट. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये पित्तनलिकेला इजा होणं हा वैद्यकशास्त्राला माहीत असलेला धोका आहे. चांगल्या सर्जनच्या हातूनही तो घडू शकतो. त्यामुळे ‘नळी कापली’ एवढ्यावर तुम्ही लढलात तर समोरचा वकील पुस्तकं काढून दाखवेल आणि तुम्ही अडचणीत याल. उपचार फसला म्हणजे हलगर्जीपणा झालाच, असं कायदा मानत नाही. त्या जागी साधारण कुशल डॉक्टर असता तर त्यानं काय केलं असतं, हे कायदा विचारतो. म्हणून तुमची केस उभी राहते ती ऑपरेशननंतरच्या पाच दिवसांवर. पोट फुगतंय, ताप आहे, डोळे पिवळे होताहेत, आणि सोनोग्राफी सहाव्या दिवशी होते. या काळात रक्ताच्या तपासण्या कधी झाल्या, सर्जनला फोन कधी केला, त्यांनी काय सांगितलं, वरच्या दवाखान्यात लवकर का पाठवलं नाही? इजा टाळता आली नसेलही, पण ती ओळखायला इतका उशीर का, याचं उत्तर त्यांनी द्यायचं आहे. तक्रारीत भर यावर द्या.

आणि म्हणूनच फाईल हवी. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार दाखल रुग्णाचे कागद तीन वर्षं जपायचे असतात आणि रुग्णानं मागितल्यावर ७२ तासांत द्यायचे असतात. तोंडी मागू नका. मालकांच्या सहीचा अर्ज करा: केसपेपर, ऑपरेशन नोट, भुलेची नोंद, नर्सचे रोजचे चार्ट, तपासण्यांचे रिपोर्ट, संमतीपत्र आणि बिलं, या सगळ्यांच्या प्रती. एका प्रतीवर दवाखान्याचा शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. घेत नसतील तर स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती जपा. तरीही दिलं नाही तर महापालिकेच्या आरोग्याधिकाऱ्यांकडे तक्रार करा, शहरातल्या दवाखान्यांची नोंदणी त्यांच्याकडे असते. पुढे ग्राहक आयोगही फाईल हजर करायला सांगू शकतो, आणि लपवली तर त्याचा अर्थ दवाखान्याविरुद्ध निघू शकतो.

पुण्याची फाईलही तितकीच महत्त्वाची. तिथले डॉक्टर कोल्हापूरच्या डॉक्टरांविरुद्ध बोलायला बहुधा तयार होणार नाहीत, त्यांना तसा आग्रहही करू नका. पोट उघडल्यावर काय दिसलं, नळीवर क्लिप होती का, किती पित्त साठलं होतं, हे त्यांनी ऑपरेशन नोटमध्ये तेव्हाच लिहिलेलं असतं. भांडण सुरू व्हायच्या आधी लिहिलेल्या त्या ओळींना नंतरच्या कुठल्याही मतापेक्षा जास्त वजन असतं. त्या काळात दवाखान्याशी व्हॉट्सॲपवर बोलणं झालं असेल तर तो फोन विकू नका, मेसेज पुसू नका.

संमतीच्या सहीचा धाक धरू नका. संमतीपत्र म्हणजे निष्काळजीपणाचा परवाना नाही. ती सही कुणाची आहे तेही बघा. तुमचे मालक शुद्धीवर होते, सज्ञान होते, म्हणजे संमती त्यांचीच हवी होती. समीरा कोहली प्रकरणात (२००८) रुग्ण भुलेखाली असताना आईची संमती घेऊन जादा शस्त्रक्रिया केली गेली. सर्वोच्च न्यायालयानं ती संमती मानली नाही, आणि धोके व पर्याय रुग्णाला समजेल असे सांगितले पाहिजेत हेही स्पष्ट केलं. पण त्या खटल्यात डॉक्टरांची फी नाकारली गेली आणि भरपाई मिळाली ती पंचवीस हजार. हा मुद्दा जोडीला ठेवा, मुख्य करू नका.

दाद मागायची जागा म्हणजे कोल्हापूरचा जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. पैसे घेऊन केलेले उपचार ही ‘सेवा’ आहे, हे १९९५ मध्ये व्ही. पी. शांता खटल्यात ठरलं. तुम्ही दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असल्यानं तक्रारीला शुल्क लागत नाही. भरपाई त्याहून जास्त मागितली तरीही नाही. तक्रारदार मालकांना करा. समोरचे पक्षकार म्हणून दवाखाना आणि सर्जन दोघांनाही घ्या. ‘ते आमचे नोकर नव्हेत, व्हिजिटिंग होते’ असं दवाखाना म्हणेल, पण २००४ च्या सविता गर्ग निकालानंतर ती पळवाट चालत नाही.

पंचावन्न हजारांची पावती नाही याचा घोर नको. बँकेतून काढलेले पैसे, सोसायटीचं कर्ज, सोनं गहाण ठेवल्याची पावती, मोबाईलवरून केलेला भरणा, यांच्या तारखा दाखल होण्याच्या तारखांशी जुळल्या की म्हणण्याला बळ येतं. नुकसानीत पुण्याचा खर्च तर धराच, शिवाय त्या हंगामात मालकांच्या जागी लावलेले गडी, कारखान्याची आधीची आणि नंतरची ऊसबिलं, पुण्याच्या फेऱ्या, पुढची औषधं हेही धरा. शेतकऱ्याच्या बुडालेल्या कमाईचा हिशोब बऱ्याचदा मांडलाच जात नाही, आणि मग आयोग तरी कशावर देणार?

मुदत मात्र कडक आहे: दोन वर्षं. तुमचे आठ महिने उरलेत. उशीर माफ होऊ शकतो, पण त्यावर विसंबू नका. मुंबईत १९९३ साली पित्ताशयाचंच ऑपरेशन झालेल्या एका परिचारिकेच्या पोटात गॉज, म्हणजे रक्त टिपायचं जाळीदार कापड, राहिलं होतं आणि ते अनेक वर्षांनी निघालं. दुखत असूनही इतका काळ छडा का लावला नाही, असं विचारत सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये तिची तक्रार मुदतबाह्य ठरवली. महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे जरूर जा. ती डॉक्टरांची नोंदणी निलंबित करू शकते, पण भरपाई देत नाही, आणि तिच्या निकालाची वाट पाहत बसलात तरी आयोगाची मुदत थांबत नाही.

पोलिसांबद्दल: फौजदारी गुन्ह्याला साधी चूक पुरत नाही, घोर निष्काळजीपणा लागतो, असं जेकब मॅथ्यू निकालानं २००५ मध्ये सांगितलं, आणि त्यासाठी दुसऱ्या डॉक्टरचं विश्वासार्ह मतही लागतं. तुमच्या हकिकतीवरून मला तो रस्ता तुमच्यासाठी योग्य वाटत नाही. आणि पोरांना दवाखान्यात पाठवू नका. २०१० च्या राज्य कायद्यानं तिथली मारहाण-तोडफोड अजामीनपात्र गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि नुकसानीच्या दुप्पट भरपाई. तुमची बाजू खरी असताना ती पोरं आरोपी व्हायला नकोत.

वेळ लागेल, हे खरं सांगतो. कायद्यात महिने लिहिलेत, प्रत्यक्षात वर्षं जातात. आयोगात मध्यस्थीची सोय आहे, पण हलगर्जीपणातून गंभीर इजा झालेली वैद्यकीय प्रकरणं तिकडे पाठवली जात नाहीत. पैसे घ्यायचेच ठरलं तर लेखी आणि वकिलाला दाखवून घ्या. वकिलाची फी जड वाटत असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, म्हणून अर्ज तुमच्या नावानं करा आणि तक्रारीत मालकांसोबत तुमचंही नाव घालता येईल का ते त्या वकिलाला विचारा. फाईलचा अर्ज या आठवड्यातच जाऊ द्या, आणि मालकांच्या पुण्याच्या तपासण्या चुकवू नका. प्रत्येक वेळचा कागद त्याच पिशवीत ठेवत जा.